भिंत पुसण्याचा खर्च

भिंतीवर लिहिलेले पुसायला किती पैसे लागतात, हा प्रश्न साहित्याचे अभ्यासक सहसा स्वतःला विचारीत नाहीत. लिहिलेल्याचा अर्थ लावणे हे आमचे काम. पुसणे दुसऱ्या कुणाचे तरी. २६ सप्टेंबर २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र हा प्रश्न थेट विद्यापीठाच्या दारात आणून ठेवला. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थी संघाच्या निवडणुकीचे मतदान दुसऱ्या दिवशी होते. न्यायालयाने मतदान होऊ दिले, मतमोजणी थांबवली. सार्वजनिक भिंतींवरची पत्रके आणि रंगवलेली नावे निघाल्याखेरीज मोजणी नाही. सफाईचा खर्च विद्यापीठाने आधी संबंधित यंत्रणांना द्यावा व मग उमेदवारांकडून वसूल करावा, असा तो आदेश होता. निकाल लागला २५ नोव्हेंबरला.

भिंतीवरचे लिखाण आवडीने वाचणाऱ्यांपैकी आम्ही आहोत. परवानगी न घेता लिहिलेल्या वाक्यात जी निकड असते, ती छापील पानावर क्वचितच सापडते. त्यामुळे ‘लिहिणाऱ्याकडून पैसे वसूल करा’ हे ऐकून आमचा पहिला कल लिहिणाऱ्याच्या बाजूने झुकणे स्वाभाविक होते. परंतु कायद्याचा मजकूर मजकूर म्हणूनच वाचू लागल्यावर चित्र थोडे वेगळे दिसते.

दिल्लीच्या २००७ च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही, अशी शिक्षा आहे. महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा तीन महिने व २,००० रुपये यांवर थांबतो. दिल्लीच्या कायद्यात शाई, खडू आणि रंग एकाच ओळीत, एकाच पापाचे धनी म्हणून उभे आहेत. अपवाद एकच: मालमत्तेचा मालक किंवा तेथे राहणारा यांचे नाव व पत्ता. म्हणजे कायद्याच्या लेखी भिंतीवरचे निर्दोष वाक्य एकच, ते म्हणजे ही भिंत कोणाची. बाकी सारे विद्रूपीकरण.

शिक्षेला खडू आणि तैलरंग यांतला फरक कळत नाही. खर्चाला तो कळतो. खडूने लिहिलेली ओळ एका बादलीत वाहून जाते, चिकटवलेल्या पत्रकांचे थर मात्र खरवडून काढावे लागतात. म्हणून तुरुंगवासापेक्षा भरपाई आम्हांस अधिक न्याय्य वाटते. ती लिहिणाऱ्याच्या विचाराचे मोल करीत नाही, फक्त भिंतीचे करते. घोषणा सरकारविरोधी होती की सरकारच्या बाजूची, याच्याशी बादलीला कर्तव्य नसते.

दुसरा प्रश्न, पैसे कोणाकडून घ्यायचे? याच कायद्यात एक नेमके कलम आहे: विद्रूपीकरण दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी झाले असेल, तर ते आपल्या नकळत किंवा संमतीविना झाले असे सिद्ध करेपर्यंत तो लाभार्थीही दोषी धरला जाईल. रात्री खळीचा डबा घेऊन फिरणारा मुलगा सापडणे सोपे. ज्याचे नाव भिंतीवर आहे त्याच्यापर्यंत पोचणे खरे महत्त्वाचे. निवडणुकीच्या पत्रकात तर गुन्हेगार स्वतःचेच नाव मोठ्या टायपात देतो. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. त्यांनुसार छापील पत्रकांना मनाई आहे, हाताने केलेली पत्रके ठरलेल्या जागीच लावायची आहेत आणि उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. हेतू उघड होता: ज्याच्याजवळ फक्त हस्ताक्षर आहे, त्यालाही निवडणूक लढवता यावी. छापील नावांनी झाकलेली भिंत म्हणजे दुबळ्यांचा उद्गार नव्हे. तेथे दुबळ्याच्या हस्ताक्षराला जागाच उरलेली नसते.

तरीही भरपाईच्या हिशोबाला मर्यादा आहेतच. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपले नाव चित्रावर कोरले. याची भरपाई कोणत्या दराने करायची? शेकडो वर्षांपूर्वीचे रंग परत लावून मिळत नाहीत. आणि आज तो ओरखडा लेण्यांच्या ‘शोधा’चा पुरावा म्हणून इतिहासात दाखवला जातो, हा त्यातला उपरोध. उलट बाजूचे उदाहरण न्यूयॉर्कमधले. क्वीन्समधल्या ‘फाइव्ह पॉइंट्स’ या इमारतीवर मालकाच्या संमतीने चित्रे काढली गेली होती. २०१३ मध्ये मालकाने ती एका रात्रीत पांढऱ्या रंगाखाली गाडली. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला २१ कलावंतांना ६७.५ लाख डॉलर देण्यास फर्मावले, आणि २०२० मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. तिथे लिहिण्याचा नव्हे, पुसण्याचा दंड भरावा लागला. ‘स्वच्छ’ भिंत ही भिंतीची मूळ अवस्था आहे, असे गृहीत धरूनच सफाईचे बिल तयार होते. ते गृहीतक दर वेळी खरे असतेच असे नाही.

म्हणून २०२५ च्या निवडणुकीपूर्वी दिल्ली विद्यापीठाने उमेदवारांकडून एक लाख रुपयांचे बंधपत्र मागितले, तेव्हा काही विद्यार्थी संघटनांनी केलेला विरोध आम्हांस समजण्याजोगा वाटतो. केलेल्या नुकसानीचे मोल मागणे वेगळे, आणि नुकसान होण्यापूर्वीच ऐपतीची हमी मागणे वेगळे. पहिल्यात बेपर्वा श्रीमंत सापडतो. दुसऱ्यात हस्ताक्षरावर विसंबलेला विद्यार्थीच दाराबाहेर राहण्याची भीती असते. समितीने जो दरवाजा त्याच्यासाठी उघडला, तो अशाने पुन्हा लोटला जातो.

या साऱ्या चर्चेत एका माणसाचे नाव कुठेच येत नाही. वसूल झालेली रक्कम यंत्रणेच्या खात्यात जमा होते. पत्रा आणि ब्रश घेऊन भिंतीशी उभा राहणारा सफाई कामगार तेवढ्याच मजुरीत दुसऱ्याची प्रसिद्धी खरवडत असतो. त्या भिंतीचा सर्वांत सावकाश, सर्वांत जवळून वाचणारा वाचक तोच. ज्यांची नावे त्याने पुसली त्यांच्याकडून पैसे घ्यावेत, अवश्य घ्यावेत. पण त्यांतले काही त्याच्या हाती पडावेत, असे एक कलम अजून कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.