आत्यांचं पान

अंबाजोगाई, जि. बीड

ती. स्व. आत्यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना तुम्ही म्हणालात, "पोचल्याचा फोन नको, पत्र टाक." तारा २०१३ मध्ये बंद झाल्या तो दिवस तुम्हाला किती जड गेला, हेही तुम्ही तेव्हाच, तुमच्या कुलसंमेलनाच्या कार्यालयाचा जिना उतरताना सांगितलंत. नोकरीची सगळी वर्षं तुम्ही तार ऑफिसात काढलीत. म्हणून फोन केला नाही, पत्रच लिहिते आहे. तसं फोनवर बोलता आलंही नसतं.

लातूरच्या रात्रीच्या गाडीने ठाण्याला उतरले तेव्हापासून पोटात गोळा होता. दुसऱ्या दिवशी रविवार आणि त्यात मेगाब्लॉक, म्हणून धीम्या गाडीने डोंबिवलीला निघालो. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर. मुंब्र्याला एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगरावरची देवी. मी नकळत हात जोडले. तुमचा भाचा सांगत होता, १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्या वर्षी १ मेला रूळ कल्याणपर्यंत पोचले. तो मला बोलण्यात गुंतवत होता, हे समजत होतं. माझं सगळं लक्ष पदराकडे, आणि दीडशे अनोळखी माणसांना कोणत्या क्रमाने नमस्कार करायचा याकडे. आम्ही तुमच्यासारखे कोकणस्थ नाही. आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी. कुणी गोत्र विचारलं तर काय सांगायचं, हे आईने दोनदा पढवून पाठवलं होतं.

फडके रोडच्या टोकाला गणपतीचं दर्शन घेऊन कार्यालयात शिरलो. दारातल्या टेबलावर एक काका नावं लिहून घेत होते. "गाव?" म्हणाले. मी अंबाजोगाई म्हटलं, तशी त्यांनी पेन खाली ठेवून हात जोडले. "अगं, ही आपल्या कुलस्वामिनीच्या गावची!" पुढे दिवसभर मला नावाने कुणी हाक मारली नाही. मी 'अंबाजोगाईची' झाले. गोत्र कुणीच विचारलं नाही, आत्या. भीती तिथेच गेली.

मग त्यांनी मला कुलवृत्तांत दाखवला. काय मेहनत आहे ती! एवढा जाड ग्रंथ, मूळ गावापासूनच्या पिढ्या, कोण घाट चढून देशावर गेलं, कोण गुहागरलाच राहिलं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या धुंडाळून, घरोघर पत्रं पाठवून माणसांनी हे जमवलं. आमच्या घरात पणजोबांच्या मागचं नाव कुणाला सांगता येत नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

तुमच्या वडिलांचं पान मीच शोधलं. मुलगे, त्यांचं शिक्षण, नोकरी, सुनांची माहेरची नावं, नातवंडं. मुलींच्या पुढे सासरची आडनावं. शेवटी तुमचं नाव, जन्मसाल आणि एक शब्द: अविवाहित. पुढे पूर्णविराम. आयुष्यभर तुम्ही लोकांचे शब्द मोजून पैसे घेतलेत, आणि तुमच्या वाट्याला एकच शब्द आला. मला तो फार लागला.

पंगतीत मी तुमच्या शेजारी बसले होते. पहिला भात झाल्यापासून माणसं येत होती ती थांबेचनात. पन्नाशी-साठीचे पुरुष तुमच्या पायाशी वाकत आणि मग माझ्याकडे वळून सांगत. एक म्हणाले, "मी ओट्याखाली झोपायचो." दुसरे म्हणाले, "मी गॅलरीत, पावसाळ्यात प्लास्टिक बांधून." कुणी बारावीचं वर्ष तुमच्याकडे काढलं होतं, कुणी पहिली नोकरी लागेपर्यंत. डोंबिवलीच्या दोन खोल्या, कोकणातून शिकायला आलेली भावंडांची मुलं, आणि तुम्ही सकाळी लोकलला उभ्याने जाऊन संध्याकाळच्या गाडीत मांडीवर गवार मोडत परत. मी बोटांवर मोजले, अकरा जण झाले. व्यासपीठावर तेवढ्यात कुलभूषणांचा सत्कार चालला होता. त्यातले तिघे या अकरांतले होते.

तुम्ही मात्र माझ्या पानाकडे बघत होतात. आमटी गोड लागतेय हे मी तोंडाने बोलले नव्हते. तरी तुम्ही उठलात, गुडघा धरत मुदपाकखान्यात गेलात आणि तळलेल्या दोन सांडगी मिरच्या आणून माझ्या पानात डावीकडे वाढल्यात. "मराठवाड्याची आहेस, तुला तिखट हवं," एवढंच म्हणालात.

आत्या, आमच्या गावात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट सांगते. तुम्हाला ठाऊक असेलच, पण आमच्या बाजूने ऐका. तुमची कुलस्वामिनी योगेश्वरी कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, आणि मुहूर्त टळला. वऱ्हाड दगडाचं झालं. देवी परत गेली नाही, जयंती नदीकाठी राहिली, कुमारिका. तुमच्या कुळातली माणसं एवढा घाट चढून जिच्या पायाशी येतात, नव्या सुनांना जिच्यासमोर उभं करतात, ती लग्न न झालेली बाई आहे. सगळं कूळ ती सांभाळते असं तुम्हीच म्हणता. मग ग्रंथात तुमच्या नावापुढे जागा का नाही? हे मी त्या टेबलवाल्या काकांनाही विचारलं. ते गप्प झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुरवणी निघते आहे. फाल्गुनापर्यंत मजकूर दे. मी घेतो."

तर मला तुमचं पान लिहायचं आहे. तुमची परवानगी हवी. 'कशाला गं' असं म्हणू नका. डोंबिवलीला कोणत्या साली आलात, भाडं किती होतं, पाणी कुठून आणावं लागे, पहिला पगार, अकराही मुलांची नावं आणि कोण किती वर्षं राहिलं, रात्रपाळीला तुम्ही गेलात की त्यांना जेवायला कोण वाढायचं. सगळं. ज्यांची नावं आठवणार नाहीत त्यांना मी फोन करून विचारीन.

इथे देवीचं मार्गशीर्षातलं नवरात्र चालू आहे, पौर्णिमेला संपेल. काल तुमच्या नावाने ओटी भरली. कुंकवाची पुडी सोबत घातली आहे, पाकीट जपून फोडा. पौषात आई-बाबा लग्नाची बोलणी करायला ठाण्याला यायला नको म्हणतात, म्हणून माघात येतील. मी दोन दिवस आधी निघेन आणि ठाण्याला न जाता कल्याणला उतरून तुमच्याकडे येईन. वही आणते. ओट्याखालच्या जागेत मला झोपायला चालेल.

तुमची,
अंबाजोगाईची