आक्काची फाईल

११ ऑगस्ट २०२३
रिपोर्ट आला. इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड दोन. म्हणजे स्तनाचा कर्करोग. दाजींनी कागद माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडे निघून गेले. आक्काने विचारलं, "साधीच गाठ हाय न्हवं?" मी सांगून टाकलं. ती बराच वेळ पदराचं टोक दुमडत बसली. मग म्हणाली, "पोराला आज कळवू नगं. त्याची रातपाळी हाय."

१२ ऑगस्ट
गाठ दुखत नव्हती, म्हणून दोन पावसाळे अंगावर काढले तिने. गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी हातही न लावता "वयामुळं असतं" म्हणून गोळ्या लिहून दिल्या होत्या. संताप होतो. आता त्याचा उपयोग नाही, तरी होतो.

२१ ऑगस्ट, मुंबई
परळ. टाटा हॉस्पिटल. प्रत्येकाच्या काखेत फाईल. बंगाली, भोजपुरी, उडिया, मधूनच आपली मराठी. फूटपाथवर चटया टाकून झोपलेली कुटुंबं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, मोठा आधार झाला.
लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. इतका पैसा असून इलाज नव्हता. त्यांच्या आठवणीत १९४१ मध्ये हे हॉस्पिटल उभं राहिलं. आज ओळीत उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांकडे पैसा नाही, इलाज मात्र आहे. हे मला फार मोठं वाटतं.

२५ ऑगस्ट
गाठ तीन सेंटिमीटरच्या थोडी वर. काखेतही संशय. हार्मोनचे रिसेप्टर, ईआर आणि पीआर, दोन्ही पॉझिटिव्ह. हर-टू 'टू प्लस'. म्हणजे धड होय नाही, धड नाही नाही. त्यासाठी फिश नावाची वेगळी तपासणी. वाट बघायची.

३० ऑगस्ट
डॉक्टरबाईंनी कागदावर क्रम लिहून दिला. आधी ऑपरेशन. मग केमो. मग रेडिएशन. मग गोळी, किमान पाच वर्षं. फिश पॉझिटिव्ह आली तर वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून, आणि हृदयावर लक्ष ठेवायला मधूनमधून टूडी इको.
आक्का म्हणाली, "एवढं सगळं एका गाठीला?"
बाहेर एवढी गर्दी, तरी डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मावशी, जी दिसते ती गाठ आम्ही कापून काढू. पण तिच्यातून सुटून रक्तात गेलेल्या पेशी दिसत नाहीत, त्यांच्यासाठी केमो. गाठ काढली त्या जागेत काही उरलं असेल तर त्यासाठी किरणं. आणि तुमचा कॅन्सर शरीरातल्या हार्मोनवर वाढतो, ते हार्मोन कमी करायला गोळी."
आक्काने मान हलवली. जिन्यात म्हणाली, "बाई चांगली हाय. नीट सांगिटलं."

६ सप्टेंबर
आक्काचा हट्ट, सगळंच काढून टाका. गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढून पुढे किरणं दिली तरी आयुष्य तेवढंच मिळतं, असं तिला तीन वेळा समजावलं गेलं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चमूने १९७६ पासून याची चाचणी घेतली आणि पुढे वीस वर्षं त्या बायकांची नोंद ठेवली. जगण्यात फरक नाही. त्याआधी कित्येक दशकं स्तनच नव्हे, छातीचा स्नायूसुद्धा खरवडून काढत. हॉलस्टेड यांची पद्धत. खांदा कायमचा दुबळा व्हायचा. किती बायकांनी ते विनाकारण सोसलं असेल.
रात्री आक्का तयार झाली.

१२ सप्टेंबर
उद्या ऑपरेशन. झोप नाही. इथल्याच डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचला, यंदाच प्रसिद्ध झालाय. गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना देतात तेच. १६०० बायकांवर चाचणी. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. इतकं स्वस्त औषध, कुठल्याही तालुक्याला मिळेल असं. वाचताना डोळे भरून आले.

१३ सप्टेंबर
सुखरूप बाहेर आली. शुद्धीवर येताच म्हशीचं विचारलं.

२१ सप्टेंबर
घरी गौरी आल्या असतील. आक्का इथे खाटेवर, कुशीला ड्रेनची नळी. किती मिलिलिटर आलं ते मी रोज वहीत लिहिते. आज कमी आहे.
फिजिओथेरपीवाल्या मुलीने भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं. काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आखडतो. हात डोक्यावर नेता आला नाही तर रेडिएशन देता येत नाही. आक्काची बोटं छातीच्या उंचीपर्यंत जातात आणि थांबतात.

४ ऑक्टोबर
ऑपरेशनचा रिपोर्ट. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ. काखेतल्या दोन गाठींत आजार. फिश निगेटिव्ह, म्हणजे ट्रॅस्टुझुमॅब नको. दाजींनी खर्च वाचला म्हणून सुस्कारा टाकला. मला आनंद मानावा की एक हत्यार कमी झालं म्हणावं, कळेना. डॉक्टर म्हणाल्या, ज्या पेशीवर हर-टू रिसेप्टर जास्त नाही तिथे ते औषध काही करत नाही.

९ ऑक्टोबर
पहिली केमो.
आधी उलटीचं इंजेक्शन, मग सलाईन. मग सिस्टर जाड सिरिंज घेऊन आली. आत औषध लालभडक, कोकमाच्या सरबतासारखं. डॉक्सोरुबिसिन. ती स्टुलावर बसली. थोडं पुढे ढकलायची, मग दट्ट्या मागे ओढून नळीत रक्त येतंय का बघायची, पुन्हा थोडं ढकलायची. शिरेबाहेर झिरपलं तर मांस जाळतं. सगळा वेळ तिची नजर आक्काच्या हातावर. "आजी, जळजळ झाली तर लगेच सांगायचं हं, लाजायचं नाही."
लघवी लाल होईल, घाबरू नका, हेही तिनेच सांगितलं.
दुसरी बाटली सायक्लोफॉस्फामाइड. नायट्रोजन मस्टर्डच्या कुळातलं. मस्टर्ड वायूने सैनिकांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या, त्यातून रक्ताच्या कर्करोगावर नायट्रोजन मस्टर्ड वापरून बघायची कल्पना निघाली. माणसं मारायला काढलेली वस्तू.

११ ऑक्टोबर
उलट्या. ताक राहिलं पोटात. बाकी काही नाही.

२४ ऑक्टोबर
दसरा. सकाळी फणीत केस झुपक्याने आले. आक्काने न्हाव्याला घरी बोलवायला सांगितलं. दाजी अंगणात उभे होते, आत आले नाहीत. तिच्या जाऊबाई सोनं द्यायला आल्या तेव्हा त्यांनी मुद्दाम तिच्या डोक्याकडे न बघता बोलणं चालवलं. आक्का म्हणाली, "बघ की. नव्यानं येत्यात."
केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठते. केसांची मुळं, तोंडाची आतली त्वचा, हाडातला मगज. आपलं आणि परकं तिला ओळखता येत नाही.

१० नोव्हेंबर
धनत्रयोदशी. रात्री ताप १०१. फाईलवर लाल अक्षरांत लिहिलंय, १००.४ च्या वर गेलं तर तास न घालवता दवाखाना. जवळच्या दवाखान्यात नेलं. पॅरासिटामॉल दिलं, सकाळी या म्हणाले. मी फाईल पुढे केली. फाईल कुणी उघडली नाही. भाच्याने गाडी काढली, थेट कोल्हापूर.

११ नोव्हेंबर
न्यूट्रोफिल ३००. दीड हजाराच्या वर हवेत. शिरेतून अँटिबायोटिक सुरू.

१४ नोव्हेंबर
पाडवा. ताप उतरला. वॉर्डात कुणीतरी करंज्या वाटल्या.

१८ नोव्हेंबर
"मला न्हाई जायाचं परत." दोन दिवस हेच. मामा आले होते. त्यांना कुणीतरी पुडी देणारा माणूस सांगितलाय. सुरी लागली की आजार पसरतो, म्हणे. बायोप्सीनेही पसरतो, म्हणे. मामा प्रेमानेच बोलतात, रडले सुद्धा. त्यांना मी सांगितलं, हिची गाठ निघाली आहे, कडा स्वच्छ आहेत, अर्ध्यावर सोडलं तर न दिसणारं तसंच राहील. पुडीत काय आहे ते पुडीवाला सांगत नाही. इथे प्रत्येक बाटलीवर नाव आहे, मात्रा आहे, वाईट काय होईल तेही आधी सांगतात.
मामा गप्प. आक्का भिंतीकडे तोंड करून.

२३ नोव्हेंबर
दाराच्या चौकटीशेजारी, आक्का बोटं चढवते त्या भिंतीवर, पेन्सिलीची नवी रेघ दिसली. आधीच्या रेघेपेक्षा चार बोटं वर. मी विचारलं नाही.

२६ नोव्हेंबर
आक्काने स्वतः पिशवी भरली.

२७ नोव्हेंबर, मुंबई
तिसरी केमो. या वेळी दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शनही लिहिलंय. शेजारच्या खुर्चीवर सोलापूरकडचे एक काका, आतड्याचा कर्करोग. त्यांच्या पिशवीवर नाव, इरिनोटेकन. त्यांची मुलगी ऊस तोडणाऱ्यांची मुकादमी करते. तिने मला चहा पाजला, पैसे घेऊ दिले नाहीत.

२९ नोव्हेंबर
ताप नाही.

८ जानेवारी २०२४
लाल औषध संपलं. आजपासून पॅक्लिटॅक्सेल, दर आठवड्याला एक, बारा आठवडे. कोल्हापुरातच देता येईल म्हणाले. महात्मा फुले योजनेत बसलं. केशरी रेशनकार्ड कामी आलं.
हे औषध अमेरिकेतल्या पॅसिफिक यू झाडाच्या सालीतलं. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकले, मग नॉर्थ कॅरोलिनात आयुष्य गेलं. त्याच दोघांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्टोथेसिन शोधलं होतं. त्यापासून पुढे इरिनोटेकन. सोलापूरच्या काकांचं औषध.
आणि तेच कॅम्टोथेसिन आपल्या नरक्यात आहे. आंबा घाट, राधानगरी, तिथल्या जंगलातलं झुडूप. चोरून तोडतात, वनखात्याने टेम्पो पकडल्याच्या बातम्या येतात. माझ्या नववीच्या वर्गात हे सांगायचं. नंदुरबारचा माणूस आणि घाटातलं झाड, पोरांनी दोन्ही नावं पाठ केली पाहिजेत.

१९ फेब्रुवारी
बोटं बधिर. ब्लाऊजचे हूक मी लावून देते. पेशी दुभंगताना आत जे बारीक धागे तयार होतात ते या औषधाने गोठतात आणि विभाजन अडतं. नसांमध्येही तेच धागे, म्हणून मुंग्या. आज आक्काने भाकरी उलटताना तव्याला बोट टेकलं, तिला कळलंच नाही. फोड आला. चुलीपासून लांब ठेवायचं, पण ऐकणार कोण.

२६ मार्च
शेवटची केमो. धुळवडीमुळे एक दिवस पुढे गेली. आक्काने डे-केअरच्या सिस्टरना घरचे काजू नेले.

५ एप्रिल, मुंबई
रेडिएशनच्या आखणीसाठी सीटी. हात डोक्यावर. गेला! पूर्ण गेला. टेक्निशियनने जांभळ्या मार्करने छातीवर रेघा काढल्या, साबण लावायचा नाही.
पेपरात बातमी. काल आयआयटी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते भारतातल्या पहिल्या कार-टी उपचाराचं लोकार्पण. आयआयटी आणि टाटा यांनी मिळून केलेलं. रोग्याच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायच्या, परत सोडायच्या. सध्या रक्ताच्या काही कर्करोगांसाठीच. आक्काच्या आजाराला नाही. तरी मी बातमी कापून फाईलला लावली. धर्मशाळेत ल्युकेमियाचा एक सतरा वर्षांचा मुलगा आहे. त्याची आई इंग्रजी वाचू शकत नाही, तिला उद्या समजावून सांगेन, डॉक्टरांना विचारायला सांगेन.

१६ एप्रिल
रेडिएशन सुरू. इथे सगळे त्याला लाईट म्हणतात. पंधरा दिवसांचे डोस, शनिवार-रविवार सुट्टी. पूर्वी याला पाच आठवडे लागायचे. गावाकडून येणाऱ्याला हे वाचलेले दोन आठवडे केवढे असतात! खोलीत तिला एकटीला झोपवतात, यंत्र फिरतं, काही मिनिटांत संपतं. "काय बी लागत न्हाई," म्हणते.

३ मे
कातडी काळवंडली, काखेत सोलवटली. सुती, सैल कपडे. डॉक्टरांनी दिलेलंच मलम. जाऊबाईंनी पाठवलेली हळद लावू दिली नाही.

८ मे
लाईट संपले.

१५ मे
लेट्रोझोल. रोज एक गोळी. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरातही चरबीत थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, ते ही गोळी अडवते. हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून डेक्सा तपासणी आणि कॅल्शियम. आक्काला गोळीचा भरवसा वाटत नाही. एवढीशी, पांढरी, ना उलटी ना ताप. "हिनं काय व्हनार?" मी सांगितलं, तुझ्या प्रकारच्या आजारात हिचा वाटा फार मोठा आहे, एकही दिवस चुकवायची नाही. दाजींनी कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या.

२ जून
केस आले. कुरळे. आधी सरळ होते.

९ जून
संध्याकाळी भावकीतली सून आली. आक्काशी आत कुजबुज. मग आक्काने मला हाक मारली. डाव्या बाजूला गाठ, दुखत नाही, सासूला सांगायची भीती. वय चौतीस. आक्काने स्वतःचा ब्लाऊज उघडून तिला व्रण दाखवला. पोरगी बघतच राहिली.
सासूशी आक्का बोलणार. सोनोग्राफी मंगळवारी, कोल्हापूरला. भाच्याला गाडी काढता येईल का, रात्री विचारते. नाहीतर सकाळची सातची एसटी.