विणलेली बैठक

बाळंतिणीला बाजच लागते. घरात फळ्यांचा चांगला पलंग असला तरी त्या दिवसांत तो कामाचा नाही, कारण फळीतून शेक वर येत नाही. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा टाकायच्या आणि ती धग, तो धूर विणीच्या फटींतून अंगाला लागू द्यायचा. खालापूर तालुक्यात चौकजवळच्या आजोळी माझा जन्म झाला तो अशाच एका बाजेच्या भरवशावर. पुढे धाकट्या भावाच्या वेळी तीच बाज मी शुद्धीत पाहिली. दाराच्या फटीतून आत डोकावलं की आई दिसायची नाही, धूर दिसायचा आणि बाजेचे चार पाय.

ते पाय सागाचे होते, खाली जाड आणि वर निमुळते. पायांना पाडलेल्या चौकोनी भोकांत चार दांड्या बसवलेल्या. खिळा नाही, सरस नाही. दोरी सोडली तर सगळं आठ तुकड्यांत सुटं होई आणि बैलगाडीत आडवं पडून दुसऱ्या गावी जाई. बाज उभी राहायची ती केवळ सुंभाच्या ताणावर. आज विचार करते तेव्हा वाटतं, सारवलेल्या जमिनीसाठी याहून शहाणं फर्निचर कुणाला सुचलं नसतं. शेणाने सारवलेली जमीन कधीच सपाट नसते, तिच्यावर पक्क्या सांध्यांची खुर्ची डुगडुगते. बाजेचे सांधे मात्र हवे तेवढे हलतात, चारही पाय आपापली जागा शोधतात आणि मग वजनाखाली दोरी त्यांना धरून ठेवते.

वीण घालायला दोन माणसं लागत. आमच्या घरी, कडावच्या बाजूला, हे काम मधले काका आणि शेजारचे एक म्हातारे करत. एक जण दोरीचा बिंडा विणीतून खालीवर काढायचा, दुसरा दांडीला पाय लावून ओढून धरायचा. पायथ्याशी हातभर जागा मोकळी सोडलेली असे. तिथे नुसत्या उभ्या दोऱ्या, विणीला खालच्या दांडीशी बांधणाऱ्या. बाज झोळ धरू लागली की सगळी वीण उसवायची गरज नाही, एवढ्या दोऱ्या आवळल्या की झालं. हे आवळण्याचं काम लहानपणी माझ्याकडे होतं आणि मला ते मनापासून आवडायचं. शेवटची दोरी ओढल्यावर विणीवर हाताने थाप मारायची. आवाज ठणठणीत आला तर काम झालं.

उन्हाळ्यात तीच बाज अंगणात येई, तिच्यावर धोतर पसरून आजी कुरडया घाली. खालून वारा लागतो म्हणून कुरडया दोन्ही अंगांनी वाळत. ढेकूण झाले की बाज आपटायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं आणि दिवसभर उन्हात उभी करायची. दुपारी बाजेवर नुसतं पडलं तर पाठीवर विणीचे वळ उठत. झोपेसाठी तिच्यावर गोधडी लागे, आणि गोधडी म्हणजे आजीच्या, आईच्या, आत्याच्या नेसून विरलेल्या लुगड्यांचे थर. घरातलं दोर आणि कापड असं एकमेकांना धरून होतं.

वडील कर्जतला कचेरीत नोकरीला लागले आणि विणलेल्या बैठकीचं दुसरं रूप मी पाहिलं. साहेबाची खुर्ची वेताची होती. लाकडी चौकटीत भोकं पाडून विणलेली, अष्टकोनी जाळीची. सतत पंख्याखाली बसणाऱ्या माणसाच्या पाठीलाही घाम येतो हे ज्याने ही जाळी आधी विणली त्याला नक्की ठाऊक असणार. मुंबईत अशा खुर्च्या विणण्याचं काम अंध कारागीर करत, अजूनही काही ठिकाणी करतात. बोटांनी भोक मोजायचं, ओला वेत ओढायचा, खुंटी ठोकायची. डोळ्यांवाचून चालणारं हे काम बोटांवाचून कधीच चालणार नाही.

जे.जे.मध्ये मी टेक्स्टाइल शिकायला गेले आणि तिथे एका जाड पुस्तकात हान्स वेग्नर यांच्या खुर्चीचा फोटो पाहिला. मागे इंग्रजी वाय अक्षरासारखी पट्टी, वर एकाच वळणात पाठ आणि हात दोन्ही सामावणारं वाफेवर वाकवलेलं लाकूड, आणि खाली विणलेली बैठक. मी त्या बैठकीकडेच बघत राहिले. आमच्याकडे जे अंगणात पडून असायचं ते इथे काळ्या पार्श्वभूमीवर, चारही बाजूंनी प्रकाश टाकून, पानभर छापलेलं होतं.

वेग्नर डेन्मार्कच्या ट्योनर गावचे, चांभाराचे चिरंजीव, शिकलेले सुतार. ही खुर्ची त्यांनी 1949 साली काढली आणि 1950 पासून ती बनते आहे, एका दिवसाचाही खंड न पडल्यासारखी. कल्पना त्यांना सुचली ती जुन्या चिनी खुर्च्यांवर बसलेल्या डॅनिश व्यापाऱ्यांच्या चित्रांवरून. बैठकीला सुमारे 120 मीटर दोरी लागते आणि ती दोरी कागदाची असते. हो, कागदाची. जाड तपकिरी कागदाच्या पट्ट्या पिळून त्यांचा तीनपदरी दोर वळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणारं समुद्री गवत मिळेना, तेव्हा तिकडच्या कारागिरांनी कागदावर भागवलं आणि तो अडचणीतला उपाय इतका टिकला की आज तीच त्यांची ओळख आहे.

त्याहून मला जवळचे वाटतात ते बोर्गे मोगेनसेन. 1942 ते 1950 या काळात ते डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी चळवळीच्या, म्हणजे एफडीबीच्या, फर्निचर विभागाचे प्रमुख होते. काम सोपवलेलं होतं ते असं: कामगाराच्या दोन खोल्यांच्या घरात मावेल, त्याच्या पगारात बसेल आणि नातवंडांपर्यंत टिकेल असं फर्निचर काढा. 1947 ची त्यांची जे 39 खुर्ची लोकांची खुर्ची म्हणूनच ओळखली जाते. साधे गोल पाय, पाठीला एक रुंद फळी, बसायला विणलेला कागदी दोर. सहकार हा शब्द आपल्याकडे ऊस, दूध आणि पतपेढी यांना चिकटला. घराघरांतल्या खुर्चीचा विचार सहकाराने करावा, त्यासाठी देशातला उत्तम डिझायनर नेमावा, हे आपल्याला कधी सुचलं नाही, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते. महाराष्ट्रात ते जमण्यासारखं होतं.

आणि हा प्रवास एकाच दिशेने झालेला नाही. ज्यांना डॅनिश फर्निचरचे आद्य गुरू मानतात त्या कोरे क्लिंट यांची 1933 ची सफारी खुर्ची घ्या. तिचं मूळ आपल्याकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकीच्या छावणीत लष्करी इंजिनिअरांसाठी एक सुटी होणारी खुर्ची बनू लागली. खिळा नाही, सरस नाही; सांधे भोकात नुसते बसवलेले आणि सगळी चौकट कॅनव्हास आणि चामड्याच्या पट्ट्यांच्या ताणावर उभी. खडबडीत जमिनीवर ती चारही पाय टेकून बसते. क्लिंट यांनी ती आफ्रिकेतल्या शिकारी मोहिमेच्या फोटोंत पाहिली आणि लाकडाची जाडी, उंची, पट्टे यांचं गणित नव्याने मांडलं. रुरकीची ही खुर्ची कुणी आणि काय पाहून काढली याचा दाखला मी देऊ शकत नाही. पण ज्या देशात गावोगाव दोरीच्या ताणावर बाजा उभ्या होत्या त्याच देशात ती जन्मली, एवढं मला पुरेसं आहे.

कापडाच्या बाजूने हा धागा मुंबईपर्यंत येतो. नेली सेठना या मुंबईच्या विणकर. 1950च्या दशकात त्या अमेरिकेतल्या क्रॅनब्रुकला शिकल्या, तिथे विणकाम शिकवत होत्या हेलसिंकीच्या मारियान स्ट्रेंगेल. जाडाभरडा, हाताने कातलेला धागा लपवायचा नाही, त्याचा पोतच कापडाचा दागिना समजायचा, ही उत्तरेकडची दृष्टी घेऊन सेठना परतल्या आणि पुढे कलमकारीपासून गालिच्यांपर्यंत इथल्याच कारागिरांत रमल्या. अहमदाबादच्या एनआयडीत 1968 पासून फिनलंडच्या हेलेना पेरहेनतुपा यांनी टेक्स्टाइल शिकवलं, त्यांच्या हाताखाली पिढ्या तयार झाल्या. या बायकांनी आपल्याला फिनलंडची नक्षी आणून दिली नाही. आपल्याच घोंगडीकडे, आपल्याच मांजरपाटाकडे नीट पाहायला लावलं.

मी शिकून कामाला लागले त्या वर्षांत गावातल्या बाजा मात्र भराभर गेल्या. आधी लोखंडी घडीच्या खाटा आल्या, नायलॉनच्या पट्टीच्या. मग प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण लग्नाच्या मांडवात पन्नास माणसांना पाटाऐवजी खुर्ची मिळाली ती त्यांच्यामुळे आणि गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांचे दुवे त्यांना लागले आहेत. माझी तक्रार एवढीच की त्या मोडल्या की मोडल्या. त्यांना आवळायला दोरी नाही, बदलायला पट्टी नाही.

आता कर्जत आणि खालापूरच्या डोंगरउतारांवर शनिवार-रविवारची घरं उभी राहिली आहेत आणि त्यांतल्या निम्म्या मालकांना घर स्कँडिनेव्हियन हवं असतं. त्यांच्या मनात असतात पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, राखाडी गाद्या. डिसेंबर 2020 मध्ये तुर्भ्याला आयकिया आल्यापासून हे चित्र पाहायला विमानात बसावं लागत नाही. मी त्यांना सांगते, तिकडे हिवाळ्यात दुपारी तीन-चारलाच अंधार पडतो. बर्च आणि पाइन त्यांच्या जंगलात मुबलक, आणि मिळेल तो उजेड घरात फिरवायचा म्हणून भिंती पांढऱ्या. कर्जतला एप्रिलमध्ये पांढरी भिंत डोळ्यांवर येते, इथे पडवीची सावली मोलाची. आणि जूनपासून जे पाणी कोसळतं त्यात साबणाने पुसलेलं फिकट लाकूड श्रावणापर्यंत काळे ठिपके धरतं. एका ओळखीच्या घरात शहरातल्या कुठल्याशा दुकानातून आणलेलं भुशाच्या फळीचं कपाट दुसऱ्याच पावसाळ्यात फुगलं, दार लागेना. उत्तरेकडून घ्यायचं असेल तर मोगेनसेन यांच्यासमोरचा प्रश्न घ्यावा, उत्तर इथलं काढावं. लाकूड सागाचं, नाहीतर ऐनाचं. सांधा उघडता येणारा. बैठक विणलेली, म्हणजे खालून वारा.

माझी भाची नोकरीमुळे काही वर्षं कोपनहेगनला होती. येताना तिने जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेली वेग्नर यांची एक खुर्ची आणली. चौकट शाबूत, बैठक मधोमध तुटलेली. तिने कागदी दोराचा बिंडाही आणला होता, विणणारा कोण हा प्रश्न होता. खोपोलीकडचे एक काका अजून खाटा विणून देतात, त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्यांनी खुर्ची उलटी केली आणि बराच वेळ खालूनच पाहिली. वरून ती वीण पाकिटाच्या मागच्या बाजूसारखी दिसते, चार त्रिकोण मध्याकडे येणारे. खालून मात्र दोर कुठून निघून कुठे वळतो ते वाचता येतं. मग त्यांनी बोटाने पुढची दांडी मापली, मागची मापली आणि म्हणाले, ‘‘ताई, पुढं रुंद हाय, मागं अरुंद. आधी पुढचे दोन कोपरे भरून चौकोन करून घ्यावा लागंल, नायतर मधे येऊन वाकडं व्हईल.’’ डॅनिश विणकरही हेच करतात. पुढच्या कोपऱ्यांवर आधी जादा फेरे, मग सरळ वीण. काकांनी ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं, त्यांना चौकटीनेच सांगितलं.

विणताना ते दर काही फेऱ्यांनी लाकडी ठोकळ्याने दोर एकमेकांशी दाबून बसवत होते आणि अंगठ्याने ताण बघत होते. कागदी दोर त्यांना आवडला. ‘‘पीळ उलगडत नाय, पण जास्त भिजवला तर मरंल,’’ हे त्यांनी पहिल्या हातभर दोरातच ओळखलं. बैठक पुरी झाल्यावर त्यांनी तिच्यावर थाप मारली. भाची बसली, मी बसले, काकांना बसा म्हटलं तर ते आधी पाय पुसून आले.

त्यानंतर मी त्यांच्याकडून बरंच विणून घेतलं आहे. सागाच्या बाकड्यांच्या बैठका, एक झोपाळा, दोन बाजा. दोरावरून आमचा वाद होतो. मला सूत हवं असतं, त्यांचं म्हणणं नायलॉन, कारण पाऊस. पडवीपुरतं मी त्यांचं ऐकते. झड आत येते तिथे सुती दोर कुजतो, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. आतल्या खोलीत मात्र सूतच, कारण नायलॉनवर घाम सरकतो.

खरा तंटा भावाचा आहे. डेन्मार्कमध्ये वेग्नर यांच्या खुर्चीची किंमत ऐकून लोक दचकतात, पण त्या किमतीत विणणाऱ्याचे तास मोजलेले असतात. आमच्याकडे बंगल्याचे मालक परदेशी गाद्यांचं बिल न बघता देतात आणि विणकामाची मजुरी ऐकली की म्हणतात, दोरीच तर आहे. मी आता माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकात विणकामाचा आकडा वेगळ्या ओळीत लिहिते, सुताराच्या मजुरीखाली दडवत नाही, आणि त्या ओळीत घासाघीस होणार नाही असं आधीच सांगून ठेवते. दोन कामं त्यामुळे हातची गेली. काकांचा पुतण्या मात्र आता त्यांच्यासोबत येतो आणि दांडीला पाय लावून दोर धरतो.