हवेचा रस्ता मीच अडवला होता

सुरतच्या पूर्वेला, तापीच्या काठी, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून कामरेज आहे. माझ्या वडिलांची पिढी धुळे जिल्ह्यातून सुरतेत आली ती मागाच्या कामासाठी. मी साड्यांच्या प्रिंटची डिझाइन करतो. डिजिटल प्रिंटिंग आल्यापासून या कामाच्या फाइली फार मोठ्या झाल्या. एका साडीचं अंग, पदर, काठ, ब्लाऊज पीस, प्रत्येकाचे वेगवेगळे थर आणि त्यावर चारपाच रंगसंगती. व्यापाऱ्याला हल्ली साडी नेसवलेली दिसावी लागते, म्हणून कापडाच्या चुण्यांचं त्रिमितीय चित्रही रात्रभर रेंडर करावं लागतं. तयार मिळणाऱ्या कॉम्प्युटरवर हे काम रखडायचं, म्हणून मी सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला. तो जोडताना आणि नंतर थंड ठेवताना मी ज्या चुका केल्या त्या इथे लिहितो आहे. सुरत परिसरात घरून काम करणारे डिझाइनर आणि एम्ब्रॉयडरीच्या मशिनसाठी डिझाइन तयार करणारे पंचिंगवाले पुष्कळ आहेत, त्यांचे पैसे आणि रात्रीची झोप वाचावी एवढाच हेतू आहे.

पहिली चूक खरेदीतच झाली. सगळा अभ्यास मी प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचा केला आणि कॅबिनेट निवडलं ते दिसण्यावर. समोर अखंड काळी काच, आत रंगीत दिव्यांचे पंखे. काचेमागे तीन पंखे होते, पण त्यांना हवा घ्यायला कडेला फक्त बोटभर फटी होत्या. पंखा कितीही चांगला असला तरी त्याच्या तोंडावर काच असेल तर तो हवा आणणार कुठून? तो जोरात फिरतो, आवाज करतो आणि आतलीच गरम हवा घुसळत राहतो. कॅबिनेट म्हणजे नुसता डबा असा माझा समज होता. हवा कुठून येणार आणि कुठून जाणार हे कॅबिनेटच ठरवतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी चूक पंख्यांच्या दिशेची. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ही साधी खूण मला माहीत नव्हती. वरचा पंखा मी उलटा बसवला. गरम हवा मुळातच वर चढते, तिला बाहेर काढण्याऐवजी तो पंखा छताकडची हवा आत ढकलत होता आणि मागचा पंखा तीच हवा लगेच बाहेर फेकत होता. प्रोसेसरला काही मिळतच नव्हतं. समोरासमोर दार आणि खिडकी असलेल्या खोलीत जशी हवा खेळते तशी ती कॅबिनेटमध्ये खेळली पाहिजे. समोरून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. एवढा एक नियम पाळला असता तर पुढचा निम्मा त्रास झालाच नसता.

तिसरी चूक प्रोसेसरवरच्या कूलरची. माझा प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-५ १२४०० आहे. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं आणि मी तेवढाच आकडा धरून चाललो. पण काम अंगावर आलं की हाच प्रोसेसर ११७ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. त्याच्यासोबत मिळणारा छोटा कूलर चार प्लास्टिकच्या खिळ्यांनी मदरबोर्डात दाबून बसवायचा असतो. समोरासमोरचे खिळे जोडीने दाबायचे, प्रत्येकाचा ‘टक’ असा आवाज ऐकायचा आणि मदरबोर्डाच्या मागून चारही टोकं पूर्ण बाहेर आली आहेत का ते पाहायचं. माझा एक खिळा अर्धाच बसला होता. कूलर एका कोपऱ्यात किंचित उचललेला राहिला आणि रेंडर सुरू झालं की तापमान थेट १०० अंशांवर जायचं. या प्रोसेसरची तीच शेवटची मर्यादा आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. यंत्र बंद पडत नसल्यामुळे मला वाटायचं की फाइल जड आहे.

संशय आल्यावर मी कूलर काढून पाहिला आणि त्याच पेस्टवर पुन्हा बसवला. मग पुन्हा काढला, पुन्हा बसवला. थर्मल पेस्टचं काम दोन धातूंच्या पृष्ठभागांमधल्या बारीक पोकळ्या भरण्याचं असतं. एकदा कूलर उचलला की त्या थरात हवा शिरते आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. प्रत्येक वेळी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून नवी लावावी लागते. पुढे मी नवी पेस्ट आणली तेव्हा जास्त लावली तर जास्त थंड राहील असं समजून इतकी लावली की ती कडेने बाहेर आली. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. कूलरच्या दाबाने तो आपोआप पसरतो.

मग उन्हाळा आला. इथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घराच्या भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. मी कॅबिनेटची बाजूची काच काढून ठेवली आणि समोर टेबल फॅन लावला. आकडा लगेच खाली आला, म्हणून मला तोच कायमचा उपाय वाटला. आमच्या शेजारी एम्ब्रॉयडरीचं खातं, म्हणजे छोटा कारखाना आहे. धाग्याची बारीक लव तिथून दिवसभर उडत असते आणि महामार्गाची धूळ तिच्यात मिसळते. उघड्या कॅबिनेटमध्ये टेबल फॅन हे सगळं सरळ मदरबोर्डावर नेऊन टाकत होता. काही आठवड्यांत कूलरच्या पात्यांमधल्या फटी राखाडी थराने बुजल्या. नुसती धूळ फुंकली तर उडते. कापडाची लव गुंतून बसते, तिचा नमदा होतो आणि हवा पूर्ण अडते.

त्याच खात्यात जळगावकडचा एक ऑपरेटर आहे. त्याने माझा कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाला, “दादा, आम्ही मशिनला ब्लोअर मारल्याशिवाय पाळी सुरूच करत नाही. तुम्ही हे किती दिवसांनी साफ करता?” मी जोडल्यापासून एकदाही केला नव्हता. माझ्या घराच्या भिंतीपलीकडे लोक रोज ज्या लवेशी झगडत होते तिचा मी विचारच केला नव्हता. थंड देशांतल्या लोकांनी दिलेले सल्ले वाचत होतो आणि शेजारच्या कारागिराला विचारत नव्हतो, ही माझी सगळ्यात मोठी चूक म्हणायला हवी.

साफ करतानाही चुकलो. ब्लोअरचा झोत सरळ पंख्यांवर सोडला. पंखे गरागरा फिरले आणि त्यांतल्या एकाचं बेअरिंग कायमचं खरखरायला लागलं. झोत मारताना पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवायचं असतं. याहून गंभीर चूक म्हणजे धूळ काढायला मी एसएमपीएसचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचं झाकण उघडलं. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल एवढा विजेचा भार साठून राहू शकतो. मला काही झालं नाही, पण ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. एसएमपीएस कधीही उघडू नका. बाहेरच्या जाळीतून धूळ काढा, त्याने भागत नसेल तर तो बदला.

पावसाळ्याआधीच्या घामाच्या दिवसांत मी आणखी एक प्रयोग केला. पाण्याचा कूलर कॅबिनेटजवळ आणून ठेवला. असा कूलर हवा थंड करतो ते पाण्याची वाफ करून, म्हणजे हवेत दमटपणा वाढवून. सुरत समुद्राजवळ, आम्ही नदीकाठी. इथली हवा आधीच दमट असते, त्यामुळे गारवा फारसा मिळत नाही आणि ओलावा मात्र लवेत मुरतो. ओली लव सर्किटावर चिकटली की गंज आणि शॉर्टची भीती असते. स्क्रू गंजू लागलेले दिसले तेव्हा मी तो कूलर हलवला.

मग आवाजाचा प्रश्न आला. खोली एकच. मी रात्री रेंडर लावून झोपायचो आणि आई त्याच खोलीत झोपायची. तापमानाच्या धास्तीने मी सगळे पंखे बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमधून, पूर्ण वेगावर लावून ठेवले होते. आई एका रात्री म्हणाली, “अरे, हे बंद कर ना. डोळा लागला की कानात घोंघावतं.” मी तिला सांगितलं की मशिन थंड राहायला एवढा आवाज होणारच. ते खरं नव्हतं. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट वाटते. म्हणजे हवा दुप्पट मिळवायला मी आईला जवळपास तिप्पट आवाज ऐकवत होतो. आणि ती हवासुद्धा काचेमुळे आत पोहोचत नव्हती.

यावर उपाय म्हणून पाण्याच्या नळ्यांचा लिक्विड कूलर घ्यायच्या मी बेतात होतो. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन उष्णता काढतात, हे वाचलं होतं. तिथे शेकडो प्रोसेसर दाटीने बसवलेले असतात, म्हणून ते योग्यच आहे. माझ्याकडे एकच प्रोसेसर. शिवाय द्रव उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त रेडिएटरपर्यंत वाहून नेतो. तिथून ती पंख्यांनीच खोलीत टाकावी लागते. अडलेल्या कॅबिनेटमध्ये रेडिएटर बसवला असता तर मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

शेवटी मी खरेदी थांबवली आणि मोजायला लागलो. प्रोसेसरचं तापमान, पंख्यांचा वेग आणि खोलीचं तापमान एकाच वेळी लिहून ठेवू लागलो. तेव्हा माझ्या भीतीतला एक मोठा गोंधळ सुटला. जानेवारीतला आकडा मी मे महिन्यातल्या आकड्याशी ताडून पाहत होतो. हवेने थंड होणारा कुठलाही भाग खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली १२ अंशांनी तापली तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर जाणार. त्यामुळे नुसत्या आकड्यापेक्षा प्रोसेसर खोलीच्या वर किती चढला हे पाहायचं. हा फरक महिनोन्महिने सारखा राहिला तर सगळं ठीक आहे. तो वाढत गेला तर लव साठली आहे किंवा पेस्ट वाळली आहे.

मोजल्यावर उपाय साधे निघाले. समोर बारीक जाळी असलेलं कॅबिनेट घेतलं. पुढे १४० मिलिमीटरचे दोन पंखे सावकाश फिरणारे, मागे १२० मिलिमीटरचा एक. मोठ्या पंख्याला तेवढीच हवा कमी फेऱ्यांत मिळते, म्हणून तो शांत असतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, म्हणजे फटींतून लव ओढली जात नाही, ती जाळीवरच अडते. जाळी सुटी होते. दर रविवारी धुऊन, पूर्ण वाळवून परत लावतो. प्रोसेसरवर उंच टॉवर कूलर बसवला आणि त्याच्या तळाचं संरक्षक प्लास्टिक आठवणीने काढलं.

पंख्यांचा वेग तापमानाप्रमाणे हळूहळू वाढेल असा बायोसमध्ये लावला आणि प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर दिला. क्षणभराच्या चढउताराला पंखा दचकत नाही, आणि कानाला खरा त्रास होतो तो अशा सारख्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या आवाजाचा. रात्रीच्या रेंडरसाठी प्रोसेसरला ६५ वॅटची मर्यादा घातली, ग्राफिक्स कार्डाचीही वीज थोडी कमी केली. रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो. सकाळपर्यंत ते तयार असतं, मला तेवढं पुरतं. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढलं, मागे वीतभर जागा सोडली आणि पायांखाली रबर लावलं, कारण हार्ड डिस्कची थरथर लाकडातून दुप्पट ऐकू यायची.

एसीचाही हिशोब एकदा करून पाहिला. माझा कॉम्प्युटर रेंडर करताना साधारण ३०० वॅट वीज घेतो, म्हणजे तेवढी उष्णता सतत खोलीत टाकतो. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता काढतो. त्यातला बारावा भाग एकट्या कॉम्प्युटरसाठी जातो. म्हणून कॉम्प्युटरने वीज कमी घेतली तर तीन ठिकाणी फायदा होतो: त्याच्या स्वतःच्या बिलात, एसीच्या बिलात आणि आवाजात.

स्वतः कॉम्प्युटर जोडणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. नवा पंखा, नवा कूलर, नवी पेस्ट यांतलं काहीही विकत घेण्याआधी कॅबिनेटसमोर आणि मागे हात धरून पाहा. हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते हे हाताला कळलं पाहिजे. खोलीचं तापमान लिहून ठेवा. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा कापडाच्या गावात राहत असाल तर जाळी धुण्याचा वार ठरवा आणि तो चुकवू नका. उष्णतेला बाहेर जायला मोकळी वाट मिळाली की पंख्याला ओरडावं लागत नाही. शांत कॉम्प्युटरसाठी वेगळं काही करावं लागत नाही, तो नीट थंड होऊ दिला की पुरतं.