आत्याबाईंचं आभा

आशाताईंनी आत्याबाईंचं आभा कार्ड काढायला सांगितलं, तेव्हा आमच्याकडे आयुष्मानचं कार्ड आधीच होतं. मग हे दुसरं कशाला, तेच मला कळेना. गल्लीत कोणी म्हणे पाच लाखांचं तेच, कोणी म्हणे त्याशिवाय केसपेपर निघत नाही. दोन्ही खरं नव्हतं. आयुष्मानवर उपचारांचा खर्च भागतो. आभाच्या १४ आकड्यांत पैसा नाही. ती फक्त दवाखान्यातल्या कागदांना जोडायची ओळख, तीही आपली इच्छा असेल तर.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शुगर, बीपी आणि आता डोळे. तुळजापुरात एक डॉक्टर, धाराशिवला दुसरे, डोळ्यांसाठी सोलापूर. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका नायलॉनच्या पिशवीत. कोणत्या गोळ्या चालू आहेत, असं विचारलं की त्या सांगतात, "पांढरी, मधी चीर हाय ती." आश्विन पौर्णिमेला सोलापुराहून, कर्नाटकातून माणसं तुळजापूरच्या देवीला चालत येतात. त्यांतलं कोणी रस्त्यात चक्कर येऊन पडलं, तर त्याच्या पांढऱ्या गोळीचं नाव कोण सांगणार? हे मनात आलं आणि मी कार्ड काढायला बसले.

आधारला नंबर पुण्याच्या भाऊजींचा. ते कंपनीत, फोन लॉकरमध्ये. सुट्टी झाल्यावर त्यांनी ओटीपी सांगितला आणि कार्ड निघालं. ॲप उघडलं तर आत एकही कागद नाही! दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलाला विचारलं. त्याने समजावलं, "मावशी, कागद ज्या दवाखान्याचे त्यांच्याच कम्प्युटरमध्ये राहतात. तो दवाखाना या योजनेत हवा, त्याने नोंद जोडायला हवी, मग तुम्हाला इथं दिसणार." आभाची ही योजना देशभर सुरू झाली २७ सप्टेंबर २०२१ ला, पण आमचे एक डॉक्टर अजून हातानेच चिठ्ठी लिहितात. जुन्या कागदांचे फोटो आपणच काढून ॲपमध्ये ठेवायचे. रात्री आम्ही दोघी पिशवी उपसून बसलो.

तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, "माझं दुखणं आनखी कुनाकुनाला दिसंल गं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊनच काउंटरवर गेले. मुलाने शांतपणे सांगितलं : डॉक्टरांकडून मागणी येते, कोणते कागद, कोणत्या काळातले, कधीपर्यंत बघायचे, सगळं त्यात असतं. नको तर नाही म्हणायचं. दिलेली परवानगी मागेही घेता येते. आत्याबाईंनी नीट ऐकलं. म्हणाल्या, शुगरचं दाखव, डोळ्याचं दाखव. गर्भपिशवी काढल्याचा कागद मात्र त्यांनी उचलून कनवटीला लावला. तरणेपणी झालेलं ऑपरेशन. पोरांना ते माहीत नाही.

मी गप्पच झाले. परवानगी आत्याबाईंची म्हणतात, पण ओटीपी येतो भाऊजींच्या फोनवर. भाऊजी भले आहेत. तरी आईचं कोणतं दुखणं कोणाला दिसावं, हे लेकाच्या हातात का असावं? ज्या घरांत बाईचा नंबरच नाही, तिथे ही परवानगी नेमकी कोण देतंय, हे कार्ड काढताना विचारलंच पाहिजे असं मला वाटतं.

सोमवारी आधार केंद्रात जायचं आहे, आत्याबाईंच्या बटणांच्या फोनचा नंबर जोडायला. ओटीपी साध्या फोनवरही येतो. अक्षरं नाही, पण आकडे त्यांना वाचता येतात.