खुर्चीच्या कडेवर

मुलाखतीला आलेला मुलगा खुर्चीच्या अगदी कडेवर बसतो. फाइल टेबलावर ठेवावी की मांडीवर, हे ठरत नाही, म्हणून ती पोटाशी धरतो. उत्तरं बरोबर देतो, पण टेबलाच्या काचेकडे बघत. समोरचे तिघं आपापल्या कागदावर लिहितात : आत्मविश्वास कमी. या मुलाच्या घरी वडीलधाऱ्यांशी नजर वर करून बोललं की ‘तोंड वर करून बोलतोस?’ असं ऐकावं लागतं. वीस-बावीस वर्षांचं वळण पंधरा मिनिटांत कसं जाईल?

*

हाताची घडी म्हणजे बंद मन, असं देहबोलीची पुस्तकं सांगतात. आपल्याकडे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे बालवाडीतच अंगात भिनवलेलं असतं. शिवाय एसीचा गारठा लागला, तरी माणूस हाताची घडी घालतोच.

*

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात फळ्यावर हमखास येणारे आकडे : शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून ते आले. प्रयोग भावना आणि आवड-नावड यांच्यापुरते होते. तेही शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, अशा वेळचे. सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत, हे मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलं आहे. तरी फी भरून आलेल्या मुलांना हेच शिकवलं जातं, याचा मला राग येतो. विषय नीट तयार करून आलेल्या पोराला ‘तुझ्या शब्दांना सातच टक्के’ असं कुणी का सांगावं?

*

मत चटकन बनतं, हे मात्र खरं. मूळच्या भारतीय मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९९३ मध्ये शिक्षकांच्या काही सेकंदांच्या मूक चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. त्यांनी दिलेले गुण, त्या शिक्षकांकडे सत्रभर शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या मतांशी बरेचसे जुळले. मला यातून इतकंच दिसतं : पहिली छाप टिकाऊ असते. शिकवणं कसं होतं, हा प्रश्न उरतोच.

*

ठरवून घडवलेली देहबोली बघायची तर नट निळू फुले. तिरकी नजर, किंचित मुडपलेले ओठ, संथ खर्जातला आवाज. ‘सामना’ चित्रपटातला त्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील आठवा. आरडाओरडा न करता तो समोरच्याला दडपतो, कारण त्याला कशाचीच घाई नाही. सत्ता असलेला माणूस सावकाश हलतो, हे फुल्यांनी नेमकं हेरलं होतं. मग १९७९ चा ‘सिंहासन’ बघा. दिग्दर्शक ‘सामना’चेच जब्बार पटेल, पटकथा पुन्हा विजय तेंडुलकरांची, पण इथे फुले पत्रकार दिगू टिपणीस आहेत. मंत्र्यांच्या दालनांतून वावरतात, ऐकतात, बघतात आणि कुणाला जड होत नाहीत. अंग तेच, पण खांदे, पावलं, नजर सगळं निराळं.

पडद्याबाहेर हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंबरोबर राबलेला. तरी बायाबापड्या त्यांना खराच खलनायक समजत. नटासाठी ती मोठीच दाद. पण ठरवून उभी केलेली देहबोली इतकी पटते, तर नकळत घडणारीवरून आपण किती बिनधास्त निकाल देत असू!

*

ऑनलाइन मुलाखतीत समोरच्याला ‘नजरेला नजर’ वाटावी म्हणून कॅमेऱ्याकडे बघावं लागतं. कॅमेऱ्याकडे बघितलं की समोरचा चेहरा दिसत नाही. त्याचा चेहरा बघितला, तर त्याला वाटतं, हा दुसरीकडेच बघतोय.

*

ताठ बसा, पाय हलवू नका, हसून नमस्कार करा : उमेदवाराला हे जरूर शिकवावं, उपयोग होतो. पण सगळा उपदेश नेहमी त्यालाच का? मुलाखत घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिला प्रश्न त्याच्या गावाचा, कामाचा, त्याला येणाऱ्या गोष्टीचा विचारा. पाण्याचा पेला पुढे सरकवा. त्याचं बोलणं चालू असताना मोबाइल पालथा ठेवा आणि दोन उत्तरं पुरती ऐकल्याशिवाय कागदावर पेन टेकवू नका.