श्वास राखून परतावें

आमचें कळंब मांजरेच्या कांठचें गांव. येथून समुद्र पाहावयाचा तर एक अख्खी रात्र प्रवासांत घालवावी लागते. म्हणून येथील पुष्कळ मुलांनीं समुद्र पाहिला आहे तो केवळ चित्रांतच. अशा ठिकाणीं गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं समुद्राच्या तळाशीं बुडी मारली आणि रात्रीं त्याच समुद्रांतील मासे गिऱ्हाइकांस वाढले, असें सांगितल्यास वाचक हांसतील. परंतु गोष्ट खरी आहे. मात्र ती घडली आमच्या भाच्याच्या संगणकावर.

त्या खेळाचें नांव 'डेव्ह द डायव्हर'. दक्षिण कोरियांतील मिंटरॉकेट या मंडळीनें रचलेला हा खेळ २०२३ च्या जून महिन्यांत पूर्णरूपानें बाहेर आला. त्यांतील नायक डेव्ह हा एक स्थूल पण सुस्वभावी पाणबुड्या आहे. दिवसां त्यानें 'ब्लू होल' नांवाच्या खोल विवरांत उतरून मासे धरावयाचे आणि सायंकाळीं बांचो नांवाच्या आचाऱ्याच्या उपाहारगृहांत गिऱ्हाइकांची सरबराई करावयाची, असा हा दुहेरी उद्योग.

पहिल्याच बुडीला आमची फजिती झाली. मासे मिळत गेले तसतसा लोभ वाढला. 'आणखी एक, आणखी एक' करीत आम्ही खालीं खालीं गेलों. टाकींतील हवा सरत आल्याची खूण पडद्यावर दिसत होती. पण तिकडे लक्ष देतो कोण? इतक्यांत एका शार्कनें धडक दिली. या खेळांत हवा हाच प्राण. जखम झाली तरी उणी होते ती हवाच. क्षणांत सर्व आटोपलें. बुडी अशी फसली म्हणजे मिळविलेल्या मालांतून एकच वस्तू राखतां येते, बाकी सर्व जातें. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही मासे मोजत बसलात. हवा मोजायची असते!" त्या बारा वर्षांच्या गुरूचें वचन आम्हीं मुकाट्यानें वहींत टिपून घेतलें.

त्या वहींतील चार गोष्टी नवशिक्यांच्या उपयोगाकरितां येथें देतों. पहिली, आरंभीं हातीं येणारा पैसा शस्त्रांवर न घालतां हवेची टाकी मोठी करण्यांत घालावा. दुसरी, ओझें मर्यादेपलीकडे गेलें कीं डेव्हची चाल मंदावते, आणि मंद चालणाऱ्याची हवा वाटेंतच सरते. यास्तव हलक्या भावाचा माल वेळींच टाकून द्यावा. तिसरी, मासा मारण्यापेक्षां जाळ्यानें अगर गुंगी आणणाऱ्या बाणानें जिवंत धरावा. त्याचें मांस अधिक व चांगलें मिळतें. चौथी, शार्कसारख्या बलाढ्य जलचरांशीं पहिल्या दिवसांत झुंजूं नये. बाजूनें निघून जाण्यांत कमीपणा नाहीं.

आतां उपाहारगृहाकडे वळूं. आम्हांस वाटलें, हें तर आपल्या घरचेंच काम! कारण आमच्या मातोश्री कळंबच्या पेठेंत खाणावळ चालवीत असत. तरीही पहिल्या रात्रीं आम्हीं सर्व पदार्थ भरपूर मांडले, आणि दुकान बंद होतांच उरलेलें सारें वायां गेलें. तेव्हां मातोश्रींची रीत आठवली. पीठ मळण्यापूर्वीं त्या दाराशीं उभ्या राहून बाजार किती भरला आहे हें पाहत आणि मगच भाकरींचा अंदाज धरीत. खेळांतही असेंच करावें. रात्रीं किती गिऱ्हाइकें येतात हें दोन दिवस पाहावें व तेवढेंच मांडावें. अनेक प्रकार ठेवण्यापेक्षां थोडे निवडून त्यांचीच प्रत वाढवावी. वसाबी नांवाची झणझणीत चटणी संपूं देऊं नये, आणि चहा ओततांना पेला ठरल्या खुणेपर्यंतच भरावा. ताटकळलेलें गिऱ्हाईक उठून जातें, मग तें खेळांतलें असो कीं कळंबच्या पेठेंतलें!

येथवर खेळाची स्तुति झाली. परंतु दोन ठिकाणीं तो खऱ्या जगापासून दूर आहे, हें मुलांस सांगणें आमचें कर्तव्य आहे. डेव्ह कितीही खोलून झपाट्यानें वर येतो. मालवणजवळ तारकर्लीस हौशी लोक समुद्रांत उतरतात ते प्रशिक्षित पाणबुड्याच्या सोबतीनें. कारण खोलवरून घाईनें वर आल्यास रक्तांत विरघळलेल्या नायट्रोजन वायूचे बुडबुडे होऊन जीव धोक्यांत येऊं शकतो. तेव्हां खेळांत बुडी साधली म्हणून कोणींही विहिरींत वा धरणांत उडी घेऊं नये.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. खेळांतील समुद्र प्रत्येक बुडीला नव्यानें भरलेला मिळतो. आमची मांजरा तशी नाहीं. धनेगांवचें मांजरा धरण आटलें, तेव्हां त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिली गाडी दहा टाक्यांतून सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या उन्हाळ्यांत आमच्या मातोश्रींनीं जेवणाऱ्यापुढें भरलेला तांब्या ठेवणें बंद केलें. मागेल त्यास त्या अर्धा पेला ओतीत, आणि त्याची त्यांस लाज वाटे. एके दिवशीं एका वृद्ध हमालानें तोही तसाच परत केला व म्हणाला, "राहू द्या माय, कुणाला तरी होईल." मातोश्री चुलीकडे वळल्या, त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. पावसाळ्याच्या तोंडीं खाणावळ बंद झाली ती कायमचीच. आजही खेळांतील पेला भरतांना आमचा हात अर्ध्यावर थबकतो तो यामुळें.

पांच भाकरी व दोन मासे यांवर सहस्रावधि लोक तृप्त झाल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले, ही कथा आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. जेथें कांहींच उणें नव्हतें, तेथेंही तुकडा वायां जाऊं दिला नाहीं; मग जेथें पाणीच मोजकें, तेथें आपण किती जपावें बरें?

पालकांस एक विनंति. खेळ सर्वस्वीं बंद करूं नये; त्याचें माप ठरवावें. आमच्या भगिनीनें नियम केला आहे: डेव्हचा एक दिवस संपला कीं संगणक मिटावयाचा. भाचा कुरकुर करूं लागला, तेव्हां ती इतकेंच म्हणाली, "हवा मोजतोस ना, तशी वेळही मोज." त्यावर गुरुमहाराज निरुत्तर झाले.

येत्या सुटींत त्यास खरा समुद्र दाखवावयाचा आमचा मानस आहे. तोंपर्यंत बालमित्रहो, पाण्यांत असा वा पंक्तींत, श्वास शिल्लक आहे तोंच परतावें, इतकें सांगून आम्ही लेखणी खालीं ठेवितों.